काठाला काठ

मी एक जुना चहाचा कप आहे, मित्रांनो. लोक मला चिनीमातीचा म्हणतात, पण माझ्यात मातीपेक्षा हाडांची राखच जास्त आहे. नाक मुरडू नका! तुमच्या अंगात जे आहे तेच माझ्या अंगात आहे. म्हणून तर मी एवढा पातळ असूनही टणक आहे, आणि मला उजेडात धरलंत तर पलीकडची तुमची बोटं दिसतात.

माझा जन्म इंग्लंडमधल्या बर्स्लेम गावचा. तिथे जो तो कपबशांच्या कारखान्यात. हिल्डा कपांना कान जोडायची आणि तिचा नवरा एनॉक भट्टीत माल रचायचा. त्यांची एकुलती एक लेक मॉरीन लग्न करून नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला निघाली होती. बोटीची तिकिटं आली आणि हिल्डाच्या डोळ्यांचं पाणी खळेना. पोर पुन्हा दृष्टीस पडेल की नाही, ही एकच धास्ती तिच्या मनात बसली.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं बैलाच्या मटणाची हाडं केरात न टाकता बादलीत टाकली.

"कुत्रं पाळायचा विचार आहे की काय?" एनॉकनं विचारलं.

"कप करायचाय. मॉरीनसाठी."

"अगं, कारखान्यात कपांचे ढीग लागलेत. एखादा आणतो की!"

"तो कोणालाही मिळतो. मला आपल्या ताटातला द्यायचाय. या टेबलाशी बसून आपण तिघांनी जे खाल्लं, त्याचा."

बादली भरल्यावर हिल्डानं हाडं उकळून त्यांतली चरबी काढली. एनॉकनं ती हाडं पांढरीफटक होईपर्यंत भट्टीत भाजून आणली. मग तिनं ती पाण्यात इतकी घोटली की बोटाला कण लागेना. कारखान्यातून मागून आणलेली पांढरी माती आणि दगडाची पूड त्यात मिसळली आणि टाकून दिलेल्या एका जुन्या साच्यात कप ओतले.

पण ते कप भट्टीतून निघाले ते मळकट तपकिरी. हिल्डानं एक कप खिडकीपाशी नेला, पाहिला आणि वळून नवऱ्याकडे बघितलं.

"एनॉक, बादलीत डुकराची हाडं कोणी टाकली?"

एनॉक छताकडे बघू लागला. "बादली लवकर भरावी म्हणून टाकली गं. दोनचारच होती."

"डुकराच्या हाडानं कप डागाळतो, हे बर्स्लेमच्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे!"

"भट्टीपुढं उभं राहून माझं डोकं भाजलंय म्हण आणि सोडून दे."

तिनं सोडलं नाही. बोट सुटेपर्यंत घरात डुकराचं मटण बंद झालं. बिचाऱ्याचा जीव की प्राण होतं ते! पण तो मुकाट्यानं बैलाचं मटण चघळत राहिला. माझ्या पांढऱ्या रंगात त्याचाही वाटा आहे, हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या खेपेला मी झालो आणि माझा जुळा भाऊ झाला. आता चुकलं असतं तर तिसरी खेप नव्हती, कारण बोट थांबणार नव्हती. आमच्यासारखा नाजूक कप भट्टीत एकटा ठेवत नाहीत. आचेनं त्याचं अंग मऊ पडतं आणि तोंड वेडंवाकडं होतं. म्हणून एनॉकनं भावाला माझ्यावर पालथा घातला आणि काठाला काठ चिकटवला. आत काय धग होती म्हणून सांगू! मला वाटलं, संपलो. पण भावानं मला धरलं आणि मी त्याला. बाहेर आल्यावर एनॉकनं लाकडानं हलकेच टक् केलं आणि आम्ही सुटे झालो. आमचे काठ एका जागी किंचित वाकले होते, दोघांचे अगदी सारखे.

झिलई चढवून पुन्हा भाजल्यावर आम्ही आरशासारखे चकाकलो. स्टेशनावर हिल्डानं भावाला मॉरीनच्या हाती दिलं. आमच्या गावी लाडक्या माणसाला बदक म्हणायची रीत आहे.

"जोडीतला दुसरा माझ्यापाशी ठेवतेय, बदका. हा परत आणायचा. फुटला तरी आण."

"आणीन, आई," म्हणत मॉरीननं त्याला पिशवीत जपून ठेवलं.

त्यानंतर मी शेकोटीवरच्या फळीवर बसलो. आल्यागेल्यानं मला उजेडात धरून वाहवा केली, पण चहा माझ्यात कोणी ओतला नाही. फुटण्याच्या भीतीनं हिल्डा मला पदराआड जपावं तशी जपत होती. वर्षं गेली, एनॉकही गेला. हिल्डाचे हात थरथरू लागले तशी ती मला खाली घेईनाशी झाली. माझ्यात धूळ साठली, एका कोळ्यानं संसार थाटला. मी रागावलो नाही, पण मनातून फार एकटा पडलो.

आणि एका दुपारी दार वाजलं. पांढऱ्या केसांची मॉरीन उभी होती.

"आलीस होय, बदका?" हिल्डा म्हणाली आणि मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

मॉरीननं पिशवीतून माझ्या भावाला काढलं. त्याचा कान तुटला होता आणि आतून तो तपकिरी पडला होता.

"आई, रागावू नकोस. रोज यातच चहा प्यायचे. तिकडे मला कोणी बदक म्हणत नाही गं. एवढा कप तोंडाला लागला की घरी आल्यासारखं वाटायचं."

हिल्डाला आता फारसं दिसत नव्हतं. तिनं मला खाली घेतलं, पुसलं, भावावर पालथं घातलं आणि हळूहळू फिरवलं. एका जागी आम्ही बसलो, काठाला काठ. तिनं सांध्यावरून नख फिरवलं. कुठेच फट नव्हती.

"कानच गेलाय ना? जाऊ दे. जन्मभर कानच तर जोडले मी," ती हसली. "किटली ठेव. आज मी माझ्या कपातून पिणार."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणाच्या तरी ओठांचा स्पर्श झाला. ज्यांनी हाडं राखली, भाजली, घोटली, आणि ज्यानं मला आगीत धरून ठेवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. मित्रांनो, आवडीची वस्तू जरूर जपा, पण तिला फळीवर एकटी बसवू नका. माझ्याही तळाशी आता चहाचा डाग आहे. मला सांभाळून धुवा, पण तेवढा तो घासून काढू नका.