यंदा कोण पुढे?

एकोणिसाव्या पत्रावर सही करून क्लोदेत थेरियोने विसावे पुढे ओढले आणि तिचे पेन कागदावर टेकलेलेच राहिले.

पत्र नेहमीचेच होते. 'महोदय, आपल्या कार्यालयाकडून आलेल्या पुढील मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या जागी "ठरायचे आहे" असे नमूद आहे. तीस दिवस उलटूनही निश्चित कारण कळविण्यात आलेले नाही. कृपया अधिक विलंब टाळावा.' खाली मृताचे नाव: नॉर्मंड थेरियो, वय सदुसष्ट. त्याच्याखाली सहीची जागा आणि तिथे छापलेले तिचे स्वतःचे नाव.

आपण आपल्याच नवऱ्याच्या मरणाबद्दल सरकारी तगादा लावतो आहोत, हे लक्षात यायला तिला जरा वेळ लागला. आधी वाटले, नावात सारखेपणा असेल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या भागात दगड भिरकावला तर एखाद्या थेरियोलाच लागायचा. मग तिने जन्मतारीख पाहिली.

पलीकडच्या टेबलावरून ॲबिगेल जवळजवळ धावतच आली. ती या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाची प्रमुख, क्लोदेतपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि तिला वचकून असणारी.

"ते तुमच्याकडे यायलाच नको होतं," ती म्हणाली. "दाखला मी माझ्याकडे काढून घेतला होता. पण पत्रं कॉम्प्युटर काढतो ना, त्याला काय कळतंय."

"त्याचं काय चुकलं? तीस दिवस झालेच आहेत."

"द्या ते इकडे. आणि आज घरी जा तुम्ही."

"घरी जाऊन काय करू?" क्लोदेत म्हणाली. "'अधिक विलंब टाळावा' हे वाक्य मीच घातलंय, ठाऊक आहे? आधी नुसतं 'कृपया कळवावे' असायचं. डॉक्टर लोक ढिम्म हलायचे नाहीत."

तिने सही केली आणि पत्र गठ्ठ्यात ठेवले. असे का केले हे तिला विचारले असते तर तिला सांगता आले नसते. पुढची बारा पत्रे राहिली होती, एवढेच तिला कळत होते.

सत्तावीस वर्षे क्लोदेत ऑगस्टा शहरातल्या या कचेरीत हेच करत आली होती. राज्यात कुठेही माणूस मेला की दाखला तिच्याकडे यायचा आणि कारण पटले नाही तर उलट टपाली परत जायचा. 'हृदय बंद पडले' असे लिहिणाऱ्या डॉक्टरांचा तिला मनस्वी राग होता. ती सरळ फोन उचलायची. "डॉक्टर, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. तुमचं पडेल, माझं पडेल. का बंद पडलं ते लिहा." 'म्हातारपण' तिला चालायचे नाही. 'माहीत नाही' तर मुळीच नाही. माणसाने सत्तर-ऐंशी वर्षे जगायचे आणि शेवटी कुणी दोन ओळी धड लिहू नयेत, हा तिला त्या माणसाचा अपमान वाटे.

दर एप्रिलमध्ये मागच्या वर्षाच्या या सगळ्या मृत्यूंचा एक तक्ता निघायचा: आपल्या राज्यात माणसे कशाने मेली, कोणते कारण वाढले, कोणते घटले. इथे कॅन्सर आणि हृदयरोग यांची पहिल्या नंबरासाठी चढाओढ असे. तक्ता निघाला त्या संध्याकाळी नॉर्मंड काटा हातात धरून विचारायचा, "मग? यंदा कोण पुढे?" कॅन्सर पुढे असला तर तो मान डोलवायचा. त्याने छत्तीस वर्षे कागदाच्या गिरणीत काढली होती आणि त्याच्या पाळीतले निम्मे लोक त्या ओळीत गेले होते. त्याचा धाकटा भाऊ आर्मंड हृदयावर बोली लावायचा. हरेल त्याने बियर पाजायची.

"मला कुठल्या ओळीत घालणार आहेस?" नॉर्मंड तिला चिडवायचा. "जरा वरची बघ. ओळखीचा काही फायदा होऊ दे."

"बायकोचं न ऐकल्यामुळे, अशी वेगळी ओळ काढते तुझ्यासाठी," ती म्हणायची.

आणि हा माणूस मार्च महिन्यात, भर दुपारी, तळ्यात बुडून मेला.

इथल्या पुरुषांची हिवाळ्यात तळ्यावर लाकडी खोपटी असतात. बर्फाला भोक पाडायचे, गळ सोडायचा, शेगडी पेटवून बसून राहायचे. बायकांपासून सुटका, असे क्लोदेतचे मत. मार्च संपायच्या आत खोपटे ओढून काठाला आणावेच लागते, तसा कायदा आहे. नॉर्मंड ते दरवर्षी महिन्याच्या दहा तारखेलाच काढायचा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणाऱ्यांना गाढव म्हणायचा. यंदा सत्तावीस तारीख उजाडली तरी त्याचे खोपटे तळ्यावरच होते. काठापासून शंभर पावलांवर बर्फ फुटला.

पन्नास वर्षे बर्फावर वावरलेला माणूस. पायाखालचा आवाज ऐकून जाडी सांगायचा. तो सडक्या बर्फावर गेलाच कसा, हे त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहाही जणांना कळले नव्हते. पाद्रीबाबांनी प्रवचनात 'देवाची इच्छा' म्हटले आणि लगेच तिच्याकडे बघायचे टाळले. गाव याला अपघात मानत नाही, हे तिला तेव्हाच समजले.

गुरुवारी फोन आला. राज्याच्या शवचिकित्सकांच्या कचेरीतले तपासनीस वेंडेल ग्रिंडल बोलत होते. इतकी वर्षे फोनवर एकमेकांशी भांडून दोघांची चांगली ओळख झाली होती.

"तुमचं पत्र मिळालं, मिसेस थेरियो. सही बघून मी दोनदा वाचलं."

"माझीच सही असते."

"हो, पण..." ते घुटमळले. "आमच्या डॉक्टरीणबाई एका गोष्टीवर अडल्यात. तुमच्या मिस्टरांच्या गळ्यात टोचे नव्हते. तुम्हाला विचारायला मला धीर होत नव्हता, म्हणून हे राहिलं."

टोचे म्हणजे दोन लाकडी मुठी, पुढे टोकदार खिळे, मध्ये दोरी. बर्फावर जाणारा प्रत्येक जण गळ्यात घालतो. बर्फ फुटलाच तर ते कडेला रोवायचे आणि स्वतःला वर ओढून घ्यायचे. नॉर्मंडला कोवळ्या वयात त्यांनीच एकदा वाचवले होते.

क्लोदेतने पलीकडच्या टेबलाकडे पाठ केली.

"टोचे घरी आहेत," ती म्हणाली. "दाराजवळच्या खिळ्याला. मीच अडकवले. दोरी विरली होती, त्या रविवारी मी त्याच्या कोटातून काढून घेतले. म्हटलं, उद्या नवी दोरी लावून देते. सोमवारी विसरले, मंगळवारी विसरले. गुरुवारी तो गेला."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"लिहून घेताय ना?"

"घेतोय."

"मग हेही घ्या. दवाखान्यातून आमच्या घरच्या फोनवर रेकॉर्ड झालेला निरोप होता. रिपोर्ट आलेत, सोमवारी या, येताना मिसेसना घेऊन या. मिसेसना घेऊन या म्हणजे काय ते शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. स्वादुपिंडाचा कॅन्सर, हे मला नंतर दवाखान्यानं सांगितलं. आता तो निरोप त्यानं ऐकला होता का? न ऐकलेला निरोप असला की फोनचा दिवा उघडमीट करतो. ऐकला की नुसता लागून राहतो. त्या दिवशी शेरीफचा पोलीस मला घरी घेऊन आला, तो माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा होता, आणि मी सवयीनं बटण दाबलं. दिवा उघडमीट करत होता का, ते मला आठवत नाही, मिस्टर ग्रिंडल. रोज डोळे मिटून बघते मी. कधी करताना दिसतो, कधी नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ऐकला असेल तर टोचे त्यानं मुद्दाम मागितले नाहीत. नसेल ऐकला तर मी विसरले म्हणून तो मेला. तो उगाच वेंधळेपणा करून मेला असंही असेल. मला काय वाटतं विचारू नका. मला रोज वेगळं वाटतं. तुमच्या फॉर्मवर खूण करायला कसले चौकोन आहेत ते तुम्ही बघा."

"पाच आहेत," ग्रिंडल हळू आवाजात म्हणाले. "नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या, आणि ठरवता आले नाही. बायको दोरी बांधायला विसरली, याला चौकोन नाही."

"तो पाचवा असला की मी कागद परत पाठवते."

"माहीत आहे. माझेच सतरा पाठवलेत तुम्ही."

तिला हसू आले आणि हसू आले याची लाज वाटली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसली. आपण खरे सांगून नवऱ्याचे भले केले की वाटोळे, हे तिला उमगेना. गप्प बसली असती तर कुणाला काही कळले नसते. पण सत्तावीस वर्षे लोकांना 'खरे ते लिहा' म्हणून दटावल्यावर गप्प कसे बसायचे, तेही तिला येत नव्हते.

शुक्रवारी दुपारी दाखला आला. ॲबिगेल तो लपवायच्या आत क्लोदेतने पडद्यावर उघडला. कारण: बुडून मृत्यू. प्रकार: अपघात. इतर आजार: स्वादुपिंडाचा कॅन्सर.

तिच्या छातीवरचे ओझे उतरले. मग तिला राग आला, आणि तो नेमका कुणावर हे कळेना. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर तिने विचारले असते, "अपघात? कशावरून?" पन्नास वर्षांचा अनुभव, उशीर, टोचे नाहीत, घरी तसला निरोप. एवढ्यावर तिने कुठल्याही डॉक्टरला सुखाने जेवू दिले नसते.

तिने फोन उचलला. तीन आकडे दाबले आणि ठेवून दिला. मग दाखला मंजूर करून ती पुढच्या कागदाकडे वळली. कशावरून, असे न विचारता तिने जाऊ दिलेला तो पहिलाच.

शनिवारी संध्याकाळी आर्मंड जेवायला आला. थेरियोंच्या घरात शनिवारी काकवीत शिजवलेले घेवड्याचे दाणे आणि काळा पाव असतो, कुणी जन्मो की मरो. क्लोदेतने चौघांना पुरतील इतके दाणे शिजवले होते. एकट्यासाठी कमी शिजवायचे तिला अजून जमत नव्हते.

"तळं मोकळं झालं सगळं," आर्मंड बूट काढत म्हणाला. "खोपटंही मिळालं. पलीकडच्या काठाला लागलंय. शेगडी गेली."

"जाऊ दे." ती वाढत म्हणाली, "आर्मंड, तुला तो काही बोलला होता का रे? त्या आठवड्यात?"

आर्मंडने खुर्ची पुढे ओढली. "बुधवारी फोन केला होता. मी म्हटलं, काढ की आता ते खोपटं, का कायद्याचा पाहुणचार घ्यायचाय? तर म्हणाला, बर्फ चांगला आहे."

"आवाज कसा होता?"

"आवाज? नॉर्मंडसारखा." तो ओशाळला. "क्लोदेत, तो पन्नास वर्षं बर्फ चांगला आहे असंच म्हणत होता. काय अर्थ काढायचा त्यातून?"

ती उठली, दाराजवळच्या खिळ्यावरून टोचे काढले, शिवणाच्या डब्यातून जाड दोरी घेतली आणि त्याच्यासमोर बसून बांधायला लागली. पहिली गाठ सुटली. दुसरी तिने दातांनी आवळली. दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. एवढे काम करायला तिला चार मिनिटे लागली असतील. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे तिने टाळले.

"हे घे."

"मला? माझे आहेत की."

"घाल गळ्यात."

"अगं, मे महिना लागलाय. तळ्यावर बदकं पोहतायत."

"आर्मंड, घाल."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, चमचा खाली ठेवला आणि मान वाकवून दोरी गळ्यात घातली. दोन्ही मुठी छातीवर नीट बसवल्या. मग तो पुन्हा जेवू लागला. वाकला की टोचे ताटलीच्या कडेला लागून आवाज व्हायचा, म्हणून तो एक हात त्यांच्यावर धरून जेवत राहिला.

"तक्ता निघाला असेल ना तुमचा?" तो म्हणाला. "तो फोन करून सांगायचा मला. यंदा कोण पुढे?"

"कॅन्सर. अगदी थोडक्यात."

"म्हणजे बियर माझ्यावर." तो पाव मोडत राहिला. "आणि बुडून?"

"ती ओळ खूप खाली असते," क्लोदेत म्हणाली. "आणि तो यंदाच्या तक्त्यात नाही. पुढच्या एप्रिलला येईल."

आर्मंडने मान हलवली. तिने त्याच्या ताटलीत आणखी दाणे वाढले, आणि तो पुरे म्हणाला नाही.