सिंधूच्या रिंगणातली कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलं नसेल, कारण तुमच्या घरी आता प्लॅस्टिकची पिंपं आली. मी माणसाच्या उंचीची, बांबूच्या कामट्यांनी विणलेली आणि शेणामातीनं लिंपलेली. वरच्या तोंडानं ज्वारी ओतायची, बुडाजवळच्या भोकातून काढायची आणि भोकाला चिंधीचा बोळा मारायचा. पोट सुटलंय म्हणून मी कधी लाजले नाही. कणगीनं पोटाची लाज धरून कसं चालेल?

बीड जिल्ह्यात कडा गावाच्या अलीकडे आमचं गाव. धुळाजी बुरुडानं मला विणलं आणि निवृत्ती गुरुजींच्या घरी आणून उभं केलं. सुगीत ज्वारी माझ्या गळ्यापर्यंत यायची. शेजारणी मला हात लावून म्हणायच्या, काय गं बाई भरली ही! ते ऐकून मी अशी फुगायचे की विचारू नका.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. माझ्या पोटात उंदीरसुद्धा फिरकेनात. पुढं बरी वर्षंही आली, पण शहाऐंशीच्या सुमाराला पाऊस पुन्हा दडी मारून बसला. गुरुजींच्या घरची ज्वारी आता एका पिशवीत मावायला लागली आणि मला गोठ्याच्या कोपऱ्यात ढकललं. एक कोंबडी माझ्यात उतरून अंडी घालायची. एके काळी घराला पोसणारी मी, कोंबडीचं खुराडं झाले. मला फार वाईट वाटायचं.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जायचं. आईबाप निघाले की पोरंही ट्रकात चढायची आणि शाळेतली त्यांची जागा उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहायची. बौद्धवाड्यातल्या शहादेव आणि भिमाबाईची थोरली लेक सिंधू अशीच चौथीतून गळली होती. आता ती अठराची झाली होती. तिचा धाकटा भाऊ बन्सी तिसरीत होता, आणि पोरगं असं चलाख की गुरुजी त्याचं नाव घेताना हसायचे. बन्सीची पाटी फुटू द्यायची नाही, असं सिंधूनं मनाशी पक्कं केलं होतं.

गुरुजी म्हणाले, मागं राहणाऱ्या पोरांना शाळेत झोपायला जागा देतो. सिंधू म्हणाली, मी मागं राहते आणि सगळ्यांना रांधून घालते. पण रांधायचं काय? घरोघरची मडकी पालथी पडली होती. तेव्हा सिंधूला लहानपणी पाहिलेला सायकलवाला आठवला. पूर्वी असे लोक गावोगाव यायचे. आठवडाभर सायकलवरून पाय टेकायचे नाहीत, तिच्यावरच जेवायचे, तिच्यावरच अंघोळ करायचे, आणि लोक खूश होऊन पैसे द्यायचे. तो स्वतःच्या पोटासाठी फिरायचा, आपण पोरांच्या पोटासाठी फिरू, असं सिंधूनं ठरवलं.

तिनं गुरुजींची सायकल मागितली आणि त्यांच्या गोठ्यातून मला बाहेर काढलं. कोंबडीनं केवढा कालवा केला! भिमाबाईनं मला नव्यानं लिंपलं आणि शाळेपुढच्या मैदानात, पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रिंगणाच्या मधोमध उभं केलं. सिंधूनं गावाला सांगितलं की कणगी भरेपर्यंत ती रोज सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत फिरेल. उन्हात पाय टेकला की खेळ संपला. दिवाळीच्या पाडव्याला मजूर न्यायला मुकादमाचा ट्रक येणार होता. तोवर ज्वारीनं माझं तोंड झाकलं नाही, तर पोरं ट्रकात चढणार होती.

पहिले दिवस झकास गेले. रोजगार हमीच्या तलावावरून परतणाऱ्या बाया मजुरीत मिळालेल्या घामाच्या ज्वारीतली ओंजळ-ओंजळ माझ्यात ओतायच्या. सिंधू सायकलवरच भाकर खायची आणि बन्सी बाजूनं पळत तिला तांब्या द्यायचा. इतक्या वर्षांनी माझ्या बुडाला दाणा लागला होता. आनंदानं माझ्या कामट्या कुरकुरायच्या.

मग सुंदरराव आले. ते दूध संस्थेचे चेअरमन. टंचाईत जनावरांना कडबा त्यांच्या संस्थेतूनच मिळायचा, म्हणून वरच्या आळीत त्यांचा शब्द चालायचा. माणूस तसा दुष्ट नव्हता, पण आपल्या शब्दावर त्याचं फार प्रेम. त्यांनी सिंधूला थांबायला सांगितलं. ती म्हणाली, थांबता येत नाही, चालता-चालता बोला. मग काय, चेअरमनसाहेब धोतर सावरत सायकलीमागं धावायला लागले. एवढा रुबाबदार माणूस, पण दोन फेऱ्यांत त्यांना धाप लागली.

त्यांचं म्हणणं असं की वरच्या आळीची पोरं सिंधूच्या हातचं खाणार नाहीत. त्यांचं धान्य वेगळं ठेवावं, चूल वेगळी मांडावी. एवढं मान्य केलं, तर संस्थेची पत्र्याची कोठी आजच भरून देतो आणि सिंधूच्या वाटणीलाही भरपूर घालतो.

सिंधूचे पाय थांबले नाहीत. ती म्हणाली, "चूल एकच ऱ्हाईल, आबा. पोरं एका वर्गात बसत्यात, एका पंगतीत बी बसतील."

दुसऱ्या दिवशी ती कोठी रिंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. नवीकोरी, चकचकीत, पाटलाच्या सुनेसारखी मिरवत. वरच्या आळीची माणसं येऊन तिच्यात ज्वारी ओतू लागली आणि माझ्याकडं बघेनात. माझा असा जळफळाट झाला! पण माझ्यापेक्षा बिचाऱ्या शहादेवाचं तोंड बघवत नव्हतं. तो लेकीला म्हणाला, घे की बाई ते, पोरं उपाशी मरण्यापरीस बरं. सिंधू पायडल मारत राहिली. माझ्या पलीकडून जाताना मात्र तिनं पदरानं डोळे पुसले. ते फक्त मला दिसलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन नुसतं पोळत होतं. सिंधूचे तळहात सोलले होते, पिंढऱ्यांत गोळे येत होते आणि सायकल वाकडीतिकडी जात होती. मी अजून छातीपर्यंतच भरले होते. बन्सी तांब्या घेऊन पळता-पळता रडायला लागला.

"ताई, उतर तू. मी जातो उसाला. मला न्हाई शिकायचं."

"गप. पाणी दे," सिंधू म्हणाली.

तेवढ्यात धनगरवाड्यातली सारजाबाई आली. तिची मेंढरं संस्थेच्या कडब्यावर जगत होती आणि तिचा नातू सिदू बन्सीच्याच वर्गात होता. ओटीत ज्वारी घेऊन ती आधी कोठीकडं गेली. झाकणाला हात लावला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ ती सिंधूच्या फेऱ्या बघत होती. मग वळली, रिंगणात शिरली आणि बौद्धवाड्याच्या ज्वारीवर तिनं आपली ओटी रिकामी केली. लोक कुजबुजायला लागले, तशी ती कमरेवर हात ठेवून वरच्या आळीकडं वळली.

"वतली मी. आता कोणता दाणा कुणाचा हाय, निवडून दावा मला."

मित्रांनो, कोण निवडणार? माझ्या पोटात एकदा पडला की दाणा फक्त दाणा असतो. आधी सारजाबाईची जाऊ आली. मग सुताराची बायको. मग बायांची अशी रांग लागली की माझ्यात ओतायला शाळेतलं बाकडं आणून त्यावर चढावं लागलं. सुंदरराव पारावरून बघत होते. शेवटी ते उठले, कोठीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"पत्रा लई तापलाय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "दाण्याला कीड लागंल. कणगीत वता हे."

गावात कुणीही हसलं नाही, एवढं शहाणपण त्या दिवशी सगळ्यांना होतं. कोठीतली ज्वारी माझ्यात आली आणि दिवस मावळायच्या आत माझं तोंड दिसेनासं झालं. सिंधूनं पाय खाली टेकला. ती माझ्या अंगावर रेलली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. बन्सी तिला घट्ट बिलगला. माझ्या अख्ख्या आयुष्याचं त्या संध्याकाळी सार्थक झालं.

पाडव्याला ट्रक गेला. आया मागं वळून-वळून बघत होत्या, पोरं रस्त्यावर उभी राहून रडत होती. मग सिंधूनं माझा बोळा काढला. दळण झालं, चूल पेटली. पंगतीत सिदू बन्सीच्या मांडीला मांडी लावून बसला आणि म्हणाला, "मला कडक भाकर वाढ, सिंधूताई." ताई म्हणाला, बरं का! उन्हाळ्यात आईबाप परत आले, तेव्हा बन्सी चौथीत गेला होता.

आता मी शाळेच्या अडगळीत आहे. अंगाला वाळवी लागलीय. कुणी शेणाचा हात फिरवला तर मला आवडेल, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी एक काम करा. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात गेलात की आपल्या बाजूला नीट बघा. शेजारची जागा रिकामी दिसली, तर तिथं बसणारा कुठं गेला ते विचारा. विचारून गप्प बसू नका. त्याला परत आणायला काय लागेल, तेही विचारा.