पिवळ्यावर जांभळं

"अगंबाई वन्सं, हळदीसारखं पिवळं पातळ आणि त्यावर जांभळं पोलकं! डोळे दिपले हो माझे," प्रेमलता दारातूनच म्हणाली.

"दिपू देत की, वहिनी." शारदा आरशासमोरून हलली नाही.

एकमेकांशी भांडणारे रंग अंगावर एकत्र नांदवायचे, हा तिचा नादच होता. नवरा गेला तेव्हा सासूनं तिचं कुंकू पुसलं, काचेच्या बांगड्या उतरवल्या. माहेरी आल्यावर आई मात्र म्हणाली होती, "रंग तेवढे ठेव गं पोरी. त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?" पुण्यात त्यावरून कुणी फारसं बोललंही नाही. मग दिगंबरदादाची कलकत्त्याला बदली झाली आणि तो, बायको आणि बहीण असे तिघं बागबाजारात वरच्या मजल्यावर राहायला आले.

बंगाल्यांकडे विधवा म्हणजे पांढरं, बिनकाठाचं पातळ, त्याला ते थान म्हणतात. दुसरं काही नाहीच. त्यामुळे खाली राहणाऱ्या घरमालकीण माशीमांनी शारदेचे झगझगीत रंग पाहिले आणि ठरवून टाकलं, हिचा नवरा गावी असणार. कपाळ मोकळं? असेल बाई यांच्याकडे तशी रीत! कुणी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

दशमीला माशीमा तिला हाताला धरून दुर्गापूजेच्या मंडपात घेऊन गेल्या. ढाकाचे ढोल वाजत होते, सवाष्णी एकमेकींच्या गालांना सिंदूर फासत होत्या. शारदा "ना, ना" म्हणाली. पण लाजून सगळ्याच तसं म्हणत होत्या. माशीमांनी तिचा भांग भरला. खोटं कशाला बोला? तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

आठवडाभरात माशीमांचे यजमान तापानं आडवे झाले. त्याच सुमारास जिन्यात माशीमांनी प्रेमलतेला सहज विचारलं, "हिचे पती कधी येणार?" ती बिचारी खरं बोलून गेली.

माशीमा भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या वर आल्या त्या हातात कोरं थान घेऊन, डोळ्यांना धार लागलेली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "चूक माझी, मा. न विचारता सिंदूर लावला मी. पण त्याचं फळ आमच्या ह्यांना नको गं. हे नेस. माझ्यासाठी नेस."

त्या गेल्यावर दिगंबर खवळला. "हे कुठलं खूळ? आपण जागाच बदलू!" पण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, स्टेशनात माणसांनी संसार मांडले होते. जागा मिळणार कुठली?

"नेसते मी, दादा," शारदा म्हणाली. "रडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणू? ते बरे होईपर्यंतच तर नेसायचंय."

ती रोज देवाला हात जोडू लागली. त्यांना बरं कर रे बाबा, आणि माझे रंग मला परत दे.

देवानं ऐकलं. ताप उतरला. माशीमा संदेश मिठाईची बशी घेऊन धापा टाकत वर आल्या.

"तुझ्यामुळे, मा, तुझ्यामुळे! तू पांढरं नेसलीस आणि त्यांना उतार पडला. आता काही झालं तरी हे सोडू नकोस हां!"

शारदेनं वहिनीकडे पाहिलं. प्रेमलतेनं मान खाली घातली.

माशीमांनी संदेशाचा तुकडा तिच्या ओठांशी धरला होता. शारदेनं तोंड उघडलं आणि मुकाट्यानं खाल्ला.