मुलांना देऊ नये

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर चोरी शिकवल्याचा आळ आला होता. माझी पाने दोनशे बारा, छपाई पुण्याची आणि विषय संगणकाची सुरक्षा. मुखपृष्ठावर मोठे कुलूप आहे. चित्रकाराने त्याच्या शेजारी तोंड झाकलेला माणूस काढला आणि तिथेच माझ्या नशिबाचे बारा वाजले.

एका बँक अधिकाऱ्याच्या सामानातून मी जयपूरला आलो. इथल्या मराठी मंडळाची एक रीत आहे. बदली होऊन जाणारे कुटुंब निघताना मंडळाच्या कपाटात एक पुस्तक ठेवून जाते. माझा मालक कोचीला गेला आणि मी पाककृतींच्या पुस्तकांशेजारी उभा राहिलो. मंडळाचे चिटणीस नंदकिशोर काका विमा कंपनीत अधिकारी, शिस्तीचे पक्के. त्यांनी माझा तिसरा धडा चाळला. चोर पासवर्ड कसा ओळखतो, ते त्यात लिहिले आहे. त्याला कसे अडवायचे ते चौथ्या धड्यात आहे, पण काका तिथपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांनी लाल शाईने चिठ्ठी लिहून माझ्या पहिल्या पानावर डकवली, ‘मुलांना देऊ नये.’

पुढे सहा वर्षे मला कोणी हात लावला नाही. इथली आंधी आली की बारीक रेती कपाटाच्या फटीतून आत येते. ती माझ्या पानापानांत बसली. मोठी माणसे मला नेत नव्हती आणि मुलांना मी मिळत नव्हतो. फार वाईट वाटायचे.

मग गौतमी आली. तिचे वडील जनार्दन मूळचे अकोल्याकडचे, दुर्गापुरा स्टेशनवर सिग्नलची देखभाल करतात. ती दहावीत होती. शाळा हिंदी, त्यामुळे तिचे मराठी अडखळत चाले. एकदा मंडळात बोलताना ती मध्येच अडली आणि चार जण हसले. तेव्हापासून ती तिथे तोंड उघडत नसे. कपाटाची किल्ली साधना काकूंकडे, म्हणजे नंदकिशोर काकांच्या पत्नीकडे होती. त्यांनी माझी चिठ्ठी पाहिली, मग मुलीचा चेहरा पाहिला.

"ने ग," त्या म्हणाल्या. "पुस्तक वाचून कोणी चोर होत नाही."

तीन महिने ती शब्दांवर बोट ठेवून मला वाचत होती. माझे फ्लॉपीचे पान आले की खुदकन हसायची. हसू दे, म्हटले, वाचते तर आहे!

मंडळ दरवर्षी परिचय-पुस्तिका काढते. परमुलखात आपल्या गावचे माणूस सापडावे म्हणून तीत प्रत्येकाचे मूळ गाव, बायकांचे माहेर आणि जन्मतारीख छापतात. हौसेने ती इंटरनेटवरही टाकली होती. माझा तिसरा धडा वाचून गौतमी चपापली, कारण गावाची आठवण येणारी माणसे पासवर्डातही गावच घालतात. तिने समासात पेन्सिलीने लिहिले, ‘काकांना सांगायचे.’ पण लोक पुन्हा हसतील म्हणून सांगितले नाही.

आणि एका गुरुवारी मंडळाचे ईमेल खाते कोणीतरी पळवले. मंडळाच्या नावाने सगळ्यांना भलत्याच लिंक गेल्या. काकांनी फोनवरून खाते परत मिळवले आणि संध्याकाळी तडक जनार्दनच्या क्वार्टरमध्ये आले.

"ते हॅकिंगचं पुस्तक तुमच्या मुलीकडे आहे, जनार्दनजी. रविवारी सभेत विषय घ्यावा लागेल. कदाचित पोलिसांतही जावं लागेल."

ते गेल्यावर जनार्दन खाटेवर बसून राहिले. "काहून वाचत होती तू हे?"

"पप्पा, मी काही नाही केलं."

"मले माहीत आहे. पण लोकायले कोण सांगन?"

त्यांनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकले. गौतमीने मला तिथून उचलले आणि रविवारी छातीशी धरून सभेत नेले.

"काका, मतलब... तुमची परवानगी असेल तरच. मंडळाच्या खात्याचा नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहा आणि खिशात ठेवा. मला दाखवू नका."

काकांनी तसे केले. तिने फक्त परिचय-पुस्तिका उघडली, काकांचे गाव आणि जन्मसाल पाहिले आणि फळ्यावर लिहिले, ‘चांदवड १९६७’. "हा जुना होता ना?"

काका गोरेमोरे झाले. "असेल. पण आता मी हुशारीने बदललाय."

तिने खाली लिहिले, ‘निफाड १९७०’.

"अहो!" साधना काकू ओरडल्या. "हे तर माझं माहेर! आणि सालही माझंच!"

काकांनी चिठ्ठी बाहेर काढलीच नाही. नुसता खिशावर हात ठेवला.

"म्हणजे हिला येतंच की!" मागून कोणीतरी म्हणाले.

"येतं. म्हणूनच तर..." ती अडखळली. या वेळी कोणी हसले नाही. तिने माझा नववा धडा उघडला. "खात्यात कोण कधी आलं, त्याची नोंद राहते. काका, तुम्हीच बघा."

काकांनी फोनवर पाहिले. गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे, ठिकाण दूरचे एक शहर. त्या वेळी गौतमी शाळेत विज्ञानाचा सराव पेपर लिहीत होती.

तेवढ्यात जनार्दन उभे राहिले. सभेत ते प्रथमच बोलत होते. "सायब, आमाले रेल्वेत आधी सिग्नल कसा बिघडते तेच शिकवतात. ते शिकून आम्ही गाड्या भिडवतो का?"

नंदकिशोर काका गौतमीजवळ आले. "चुकलं माझं, बेटा."

"माझंपण," ती म्हणाली आणि समासातली पेन्सिलीची ओळ तिने त्यांना दाखवली. "मला आधीच कळलं होतं. बोलले नाही."

आता महिन्यातून एका रविवारी ती मोठ्यांना माझे धडे समजावते, त्याच अडखळत्या मराठीत. परिचय-पुस्तिकेत गाव अजून छापतात, पण जन्मतारीख नाही, आणि ती इंटरनेटवरून काढली आहे. माझी पाने सैल झाली आहेत. साधना काकूंनी मला नवे कव्हर घातले, पण पहिल्या पानावरची चिठ्ठी काढली नाही.

मित्रांनो, मला अर्धे वाचून मिटू नका. तिसरा धडा वाचलात तर चौथाही वाचा. आणि कोणाचे दार उघडे दिसले, तर आत डोकावू नका. बाहेरूनच हाक मारून त्याला सांगा. शब्द अडखळले तरी चालतील.

चिठ्ठीवरच्या ‘देऊ नये’वर काकांनी स्वतः काट मारली आहे. आता तिथे त्याच लाल शाईत लिहिले आहे, ‘मुलांना द्यावे. मोठ्यांनी त्यांच्याकडून समजून घ्यावे.’