एकाच पायाची पावलं

नीट उजाडायच्या आतच दोरीच्या कडेने माणसं दाटीवाटीने उभी राहिली होती. पुढच्यांच्या खांद्यावरून मागचे डोकावत होते, मागच्यांच्या पिशव्या पुढच्यांच्या पाठीला टोचत होत्या आणि "ढकलू नका हो" एवढंच काय ते सगळे एकमताने म्हणत होते. दोरीपलीकडे समुद्राकाठच्या वाळूच्या दोन टेकड्यांमधला खळगा होता. टेकड्यांवर गवत, वेली, खुरटी झुडपं. खळग्यात मात्र वाळूचा कण नाही की गवताची काडी नाही. नुसती करडी, गुळगुळीत चिकणमाती, एखाद्या अंगणाएवढी.

सूर्य वर आला, जमिनीकडून कोरडा वारा सुटला. मातीचा काळपट ओला रंग फिका पडत गेला आणि तिच्यावर काहीतरी पांढरं उमटायला लागलं. आधी छोटी टाच. मग चवडा. मग चपलेच्या तळव्यावरचं पाच पाकळ्यांचं फूलसुद्धा. एक पाऊल, त्याच्यापुढे दुसरं, त्याच्यापुढे तिसरं.

"रात्रभर कुणी आत गेलं?" खळग्याच्या कडेला आसनावर बसलेले पाऊलबाबा ओरडले.

"नाही!"

"कुणी दोरी ओलांडली?"

"नाही!"

"मग ही पावलं कुणाची?"

उत्तर माझ्या शेजारून आलं. "माझ्या भिंगरीची!" ताई म्हणाली आणि दोरी धरून खाली बसली.

भिंगरी म्हणजे माझी भाची. घरभर गरगरत असायची म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली, त्याला काही महिने लोटले होते. मला अजून रडू आलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. कामावर जायचं, यायचं, जेवायचं, झोपायचं. ताईचं तसं नव्हतं. तिला दुखत होतं, आणि दुखणाऱ्या माणसाला कुणीही हाताला धरून नेतं.

पाऊलबाबांनी तिला बरोबर हाताला धरलं होतं. "देह म्हणजे काय? कंपनांचं गाठोडं!" ते सांगायचे. "गाठ सुटली की कंपनं मोकळी. मोकळी झालेली कंपनं कुठे जातात? जिथे आईची माया जड होते, तिथे खाली उतरतात!" कंपनं हलकी की जड, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडे बाबा इतक्या कीव आल्यासारखे बघायचे की माणूस स्वतःच ओशाळायचा. त्यांनी ताईकडून भिंगरीची डावी चप्पल मागून घेतली होती. "उजवी तू उशाशी ठेव, डावी माझ्या आसनाखाली राहू दे. दोन जगांत दोरा राहील." संध्याकाळी पडदा लावून ते एकटेच आत भूमी शुद्ध करायचे. मग पडदा निघायचा, ओली, स्वच्छ, रिकामी जमीन सगळ्यांना लांबून दिसायची आणि रात्रभर भक्त पहारा द्यायचे. पहारा अगदी चोख. चोरी आधीच झालेली असली की पहारेकऱ्याला कष्ट पडत नाहीत.

त्या सकाळी मी पावलं नीट पाहिली आणि विचारलं, "बाबा, ही सगळी डावीच कशी?"

बाबांनी डोळे मिटले, गालात हसले. "पोर काय खेळायची?"

"लंगडी!" ताई एकदम उजळली. "दिवसभर लंगडीच घालायची हो ती!"

"मग?" बाबा म्हणाले. गर्दीतून मोठा हुंकार आला. एका बाईने डोळे पुसले. माझा नेमका प्रश्न बाबांनी लीलया खिशात टाकला आणि वर त्याचा चमत्कार करून घेतला. माणूस हुशार होता, यात वाद नाही.

मग त्यांनी पावलावरची माती चिमटीने उचलली, तांब्याभर पाण्यात कालवली आणि ताईपुढे धरली. पोरीच्या पायाची माती. दुसरं काही खायचं नाही, दिवसभर हेच प्यायचं, म्हणजे सात पावलं पुरी झाली की भिंगरी बोलेल. ताई घटाघटा प्यायली. तिचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आले होते.

दुपारी भाऊजी मला कारखान्याच्या फाटकाशी गाठायला आले. ते आत येईनात, फाटकाची कडीच चाळवत राहिले.

"डॉक्टरांनी सांगितलंय, रक्तदाब आधीच चढलेला आहे. वर ती खारी माती पोटात. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील म्हणाले. पोरगी गेली, आता ही..." त्यांनी कडी सोडली, पुन्हा धरली. "माझं ऐकत नाही ती. मी बोललो की म्हणते, तुम्हाला पोर नकोच होती."

"असं म्हणाली?"

"रोज म्हणते. तू बघ ना काहीतरी."

मी "बघते" म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मी आत गेले आणि कौलं तपासायला बसले, कारण माझं काम तेच.

आमचा कारखाना कौलांचा. थापलेली कौलं शेडमध्ये फळ्यांवर वाळत ठेवायची, तडा गेलेली, वाकलेली मी बाजूला काढायची. मालकांना एकदा काटकसरीची हुक्की आली होती. लांबून माती आणण्यापेक्षा टेकड्यांमागच्या खळग्यातली फुकटची काय वाईट, म्हणून त्यांनी गाडीभर आणवली. दुसऱ्या दिवशी शेडचं दार उघडलं तर प्रत्येक कौलावर पांढरा पंजा. पाच बोटं, तळवा, सगळं. दोघे कामगार आल्या पावली घरी पळाले. मिस्त्रींनी मात्र एका पंज्याला जीभ लावली आणि थुंकले. "मीठ आहे, मीठ! ज्याने कौल उचललं त्याचाच हात आहे हा." मालकांनी सगळा माल फेकून दिला आणि आम्ही महिनाभर त्यांना खारे मालक म्हणत होतो. हे सगळं मला माहीत होतं. हसले होते मी तेव्हा. आणि तरी इतके दिवस दोरीशी उभी राहून ती पावलं बघताना मला त्यातलं काही आठवलं नव्हतं. भाऊजी "खारी माती" म्हणाले तेव्हा आठवलं. सुन्न माणूस मूर्खच असतो, निदान तेवढ्यापुरता तरी.

मी त्याच खळग्याच्या दुसऱ्या टोकाकडून बादलीभर माती आणली, फळीवर थापली, पाण्याच्या हाताने गुळगुळीत केली. ताईच्या उशाखालून उजवी चप्पल काढून आणली होती. दाट मिठाच्या पाण्यात ती बुडवली, फळीवर हलकेच टेकवली आणि उचलली. काही दिसलं नाही. ओल्या मातीवर ओलं मीठ कुणाला दिसणार? फळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सकाळी भाऊजींबरोबर खळग्यावर घेऊन गेले.

बाबांची पावलं उमटत होती. मी ताईच्या पुढ्यात फळी ठेवली, फडकं काढलं. "काही दिसतंय?"

"नाही," ती म्हणाली.

"बघत बस."

वारा लागत होता. आजूबाजूचे लोक आधी तिरक्या नजरेने, मग वाकून बघायला लागले. माती फिकी पडत गेली. टाच आली. चवडा आला. फूल आलं. आणि अंगठ्याची बाजू या वेळी दुसरीकडे होती.

ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "उजवी! अगं, दोन्ही पायांनी आली ती! माझ्याकडे आली!"

हे मी गृहीत धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, ती बघेल आणि कळेल तिला. तिचा चेहरा इतका आनंदाचा होता की तिथेच थांबावं असं मनापासून वाटलं. पण तिच्या मांडीशी तो तांब्या होता.

"ताई, ती नाही आली. हे मी केलंय. काल. मिठाच्या पाण्याने."

तिने माझ्या थोबाडीत मारली. मला लागलं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी लागलं.

"संशयाने कंपनं तुटतात!" बाबा आसनावरून गरजले. "या बाईला बाहेर काढा!"

पण एक-दोघे पुढे येऊन फळीशी उकिडवे बसले होते. मी पिशवीतून मिठाच्या पाण्याची बरणी काढली, ताईचा हात धरला, त्यात बुडवला आणि फळीच्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकवला. तिने हात ओढून घेतला नाही.

"ही माती मुळात खारी, ताई. जिथे दाबली तिथे घट्ट होते, आतलं खारं पाणी तिथून वर ओढलं जातं. पाणी वाऱ्याने उडून जातं, मीठ मागे राहतं. वरून मिठाचं पाणी लावलं की आणखीच ठसठशीत. कारखान्यातली पंज्याची कौलं आठवतात? तूच हसून हसून लोळली होतीस."

ऊन वाढलं. फळीच्या कोपऱ्यात एक पांढरा हात उमटला, मोठ्या बाईचा, करंगळी जराशी वाकडी. ताईने आपली वाकडी करंगळी पाहिली, मग मातीतली.

"मी तर मेलेली नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर आले."

भाऊजी तेवढ्यात दोरीखालून सरळ आसनापाशी गेले होते. डावी चप्पल त्यांना बाबांच्या आसनाखालीच सापडली, मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. बाबा म्हणाले की हे अश्रू आहेत. मिस्त्रींसारखीच एका म्हाताऱ्या बाईने बोट लावून चव पाहिली, थुंकली आणि मग बाबांचं ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरच्या ओल्या भिंतीला पांढरा खारट लोणा लागतो तेव्हा तुम्ही खराटा घेता, हात जोडत नाही. तोच लोणा आपल्या दुःखाच्या आकारात कुणी उमटवून दाखवला, की खराटा हातातून गळतो. दुःख करा, हवं तितकं करा. पण रांगेत उभं राहण्याआधी त्या मातीला एकदा बोट लावून चव बघा. आणि आजारी माणसाला डॉक्टरांकडे न्या.

ताई आता गोळ्या वेळेवर घेते. सूज उतरली आहे. दोन्ही चपला मी स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्या आणि तिच्या खिडकीत वाळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर डाव्या चपलेच्या शिवणीवर बारीक पांढरी रेघ आली होती. ताई तिच्याकडेच बघत बसली होती.

"परत आलं," ती म्हणाली.

"मीठ आहे ते, ताई. शिवणीत मुरलंय. येत राहील थोडे दिवस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली. मला तिथेच, तिच्यासमोर बसून, रडू आलं.