न झाडलेले पोपडे

सासरे सांगतात, मी टाइप करते. पाडलेल्या नाट्यगृहाचा इतिहास. चाळीस वर्षं तिथला पडदा त्यांनी ओढला; आता त्या जागेभोवती पत्रे ठोकलेत. आमची ठकी सव्वा वर्षाची, माझी मांडी सोडत नाही. म्हणून माझं सगळं टायपिंग एका हाताने.

आज शेवटचं प्रकरण.

"लिही," सासरे म्हणाले, "इमारत म्हातारी झाली होती, पण कुणाच्या जिवावर उठलेली नव्हती. बाहेरचा गिलावा सुटत आला, की मीच तो लांब काठीने पाडायचो. सोमवारी खेळ नसायचा. पोपडे पाडायचे, फुटपाथ झाडायचा, घरी यायचं."

"तुम्ही पाडायचात?"

"मग काय, पोपडे सांगून पडतात?" ते हसले. "एकदाच झाडायचं राहिलं. ठकीला ताप भरला, तुझा फोन आला, तसा काठी टाकून धावलो. नेमकी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तक्रार केली. बाबागाडीपुढे सज्जाच कोसळला म्हणे, लेकरू वीतभराने वाचलं. मग पाहणी, मग नोटीस, मग यंत्रं."

माझी बोटं थांबली.

त्या दिवशी ठकीला डॉक्टरांकडे नेताना फुटपाथभर पोपडे दिसले. पडताना मी काहीच पाहिलं नव्हतं. पण साध्या अर्जाला कोण विचारतं? म्हणून 'माझ्या डोळ्यांदेखत कोसळलं' असं लिहिलं, बाबागाडीचा फोटो जोडला. शिकलेली बाई; अर्ज अगदी चोख होता. नंतर वर्षभर स्वतःला एकच विचारत राहिले, खरंच पडलं असतं तर?

"झोप लागली का गं? लिही. तक्रार करणाऱ्याला दोष देत नाही. पदरात पोर असलं की माणूस सावलीलाही भितो."

ते वाक्य काही माझ्याकडून उमटेना.

"बाबा, ती तक्रार मी केली होती."

त्यांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा लावला.

"पडताना पाहिलंस?"

"नाही."

"मग 'दोष देत नाही' हे मघाचं वाक्य गाळ. ते परक्या माणसासाठी सांगितलं होतं."

ठकीने त्यांच्याकडे हात पसरले. त्यांनी तिला उचलून घेतलं, माझ्याकडे न बघता.

"आता दोन्ही हात मोकळे आहेत तुझे," ते म्हणाले. "जसं झालं तसं लिही."