पाटलांचा सिफर

आमच्या पाटलांना मी काय म्हणू, तुमीच सांगा! दर आठवड्याला गावात पटकीचे रोगी किती अन् मेले किती, ते लिहून तहसीलला पाठवायचं, एवढंच काम. तो कागद जालन्याला, तिथून हैदराबादला, अन् तहसिलीतला पेशकार म्हणतो तसं तार होऊन थेट सिंगापुरापर्यंत जातो म्हणं. साऱ्या मुलखांनी एकमेकांना खबर द्यायची, असं ठरलंय. शिवेपल्याडचं इंग्रजांचं वऱ्हाडबी आपला कागद असाच इकडं धाडतं.

अन् आमचे पाटील लिहितात काय? शून्य! म्हंजे सरकारी बोलीत सिफर!

त्याच आठवड्यात पटकीनं दुर्गाबाई गेली, मागोमाग तिचा दीर कचरू. रोग गावाबाहेर घालवायला गावानं मरीआईचा गाडा सजवला, वाजतगाजत वऱ्हाडाच्या शिवेत लोटून आले, अन् हे घरी येऊन दौत-टाक घेऊन बसले.

"अवो, दोन मुडदे दारावरून गेले, अन् सिफर?"

"आई शिवेपार गेली ना? मंग गावात काय राह्यलं? खरं लिहिलं तर बाजार बंद, विहिरीत लाल दवा, अन् सारे माझ्या दारात शिव्या द्यायला."

"पल्याड आपली सोनू हाये, तिचं काय?"

"तिकडचा कागद कालच तहसिलीत बघितला. सिफर! सरकारी कागद हाये तो."

मी कपाळावर हात मारला. सोनूचं पहिलंच बाळंतपण, नववा लागला व्हता. चार दिसांनी पाटील तिला माहेरी घेऊन यायला निघाले. मी मुकाट गाडीत बसले, पण मनात पक्कं केलं, तिकडं खरंच काही नसंल तर पोरीला म्हणायचं, बाई, तू इथंच ऱ्हा.

सोनूचे सासरे काकासाहेब तिकडचे पाटील. दारातच उभे, तोंड उतरलेलं.

"चार दिसांत पाच गेले," ते म्हणाले. "तुमचा गाडा आमच्या शिवेत आला तवापासून. आमीबी काल पुढं लोटला."

"अन् कागदावर?" मी इचारलं.

"सिफर. गाडा गेला ना."

आग लागो तुमच्या कागदाला! व्याह्यापुढं पदर सावरायचं भान राह्यलं न्हाई मला. दोन पाटील, दोन राज्यं, अन् अक्कल एकाच खापराची!

तेवढ्यात सोनू बाहेर आली. पोट सावरत, काखेत गाठोडं.

"आये, आलीस, लई बरं झालं. इथं एक घडी राहू वाटंना. आपल्याकडं न्हाई ना काही?"

"बिलकुल न्हाई," पाटील म्हणाले. पोटच्या पोरीला!

"हाये!" मी वरडले. "दुर्गाबाई गेली, कचरू गेला. खोटं बोलून राह्यला तुझा बाप."

सोनूनं गाठोडं खाली ठेवलं. एकदा बापाकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं.

"मंग मी जाऊ कुठं, आये?"